जुनंच कार्ड बसवा

— स्क्रू कुठे गेला? आत्ता इथे होता.
— शुक्रवारी. सकाळीच. साधंच आहे म्हणाली, नुसत्या सह्या.
— लांबीला जास्त झालं हो हे.
— या वयात कुणी लग्न करतं का?
— पंख्यात हात घालू नका!
— बोटी बंद आहेत. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो.
— नाक खाली नाही, वर. उतरताना नाक वर.
— ताई आली नाही तर साक्षीदार म्हणून कचेरीतल्या शिपायाची सही घेईन म्हणाली. हसत म्हणाली. पण म्हणाली.

भावजी: वहिनी, टॉर्च जरा इकडे धरा. माझ्या डोळ्यात नाही, डब्यात.

वहिनी: डब्यात काय बघायचं? नुसती धूळ. शेवटचा कधी पुसला होता?

भावजी: कम्प्युटरच्या आत कुणी फडकं फिरवत नाही.

वहिनी: म्हणूनच तो अडकत असेल.

भावजी: तो अडकतो कारण जुन्या कार्डाला झेपत नाही. खेळातलं विमान उंचावर असतं तेव्हा खाली समुद्रच समुद्र. त्याला फारसं काही काढावंच लागत नाही. विमानतळ जवळ आला की घरं, झाडं, रस्ते, दिवे, सगळं एकदम. मग त्याचा दम संपतो आणि चित्र थांबतं.

वहिनी: नेमकं चाकं टेकायच्या आधी.

भावजी: नेमकं तिथेच. आणि परवा तुम्ही खऱ्या विमानात बसणार. उतरणं म्हणजे अडकणं असं डोक्यात बसलं तर या सरावाचा उपयोग काय? म्हणून हे नवं ग्राफिक्स कार्ड.

वहिनी: माझं निमित्त आणि तुमची हौस. खोकं उघडताना तुमचा चेहरा बघितला मी. लग्नातसुद्धा इतके खुलला नव्हतात.

भावजी: लग्नात मला खोकं कुठे दिलं कुणी. पकड द्या. ती नाही, लाल मुठीची. हा पिंजरा काढावा लागेल, त्याशिवाय कार्ड आत जात नाही.

वहिनी: काय ठेवता यात?

भावजी: पूर्वी जुन्या डिस्क असायच्या. आता रिकामा आहे.

वहिनी: एवढी वर्षं रिकामा पिंजरा सांभाळलात?

भावजी: वहिनी, टॉर्च.

दादा: काय चाललंय हे? जेवायला टेबलावर जागा आहे, की आज ताट मांडीवर घेऊ?

भावजी: दादा, अर्धा तास.

दादा: तुझा अर्धा तास मला लहानपणापासून माहीत आहे. तुझ्या बायकोची सायकल अर्ध्या तासात जोडून देतो म्हणाला होतास, ती अजून भिंतीला टेकून आहे. अगं, तू काय टॉर्च धरून उभी? तुला विमान चालवायचंय का? तू मागे बसणार आहेस.

वहिनी: मागे बसणाऱ्यालाच जास्त भीती वाटते. चालवणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. तुम्ही आयुष्यभर बस चालवलीत, कधी घाबरलात?

दादा: मी कशाला घाबरू?

वहिनी: आणि त्या दिवशी डॉक्टरकडे जाताना भाच्याच्या गाडीत मागे बसलात, तर जाऊन येईस्तोवर पायाने ब्रेक दाबत होतात. पायपुसणं फाटलं त्याचं.

दादा: तो चालवतोच तसा. मी नेलं असतं तुला. माझ्या गाडीत तू डुलक्या घेतेस.

वहिनी: माझी बहीण बेटावर राहते. समुद्रावरून नेणार?

दादा: एवढ्या लांब जाऊन राहायचं कशाला म्हणतो मी. आणि आता हे लग्न. पहिला नवरा गेल्यापासून बरी चालली होती की.

वहिनी: बरी चालली होती म्हणजे तुम्हाला फोन करत नव्हती.

दादा: आणि मागच्यासारखी विमानातून उतरलीस तर?

भावजी: दादा.

दादा: का? विचारायचं नाही? तिचं ऑपरेशन होतं, ही निघाली, सीटवर बसली, आणि दार लावायच्या आधी उठून चालायला लागली. मी घरी पोहोचतोय तोवर ही मागून रिक्षाने हजर.

वहिनी: विचारा की. तीच काय ती एक विचारत नाही. एका शब्दाने बोल लावला नाही तिने मला. दवाखान्यातून एकटी घरी गेली, आणि फोनवर मलाच विचारते, ताई, तू जेवलीस का. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

दादा: मी काय म्हणतो, शिपायाने सही केली म्हणून लग्न मोडतं का?

वहिनी: नाही मोडत. लागतं. माझ्याशिवाय लागतं. म्हणून तर जायचंय.

भावजी: बसलं! आवाज ऐकलात? कट्ट झालं. वहिनी, स्क्रीनची वायर मागे लावा, मी झाकण लावतो.

वहिनी: मागे कुठे?

भावजी: मागे. वायरीच्या तोंडासारखं भोक दिसेल.

*

भावजी: पंखे फिरतायत. चित्र आलं. बसा. पट्टा लावा.

वहिनी: खुर्चीला पट्टा कुठून आणू?

भावजी: मनात लावा. बेटावरचाच विमानतळ ठेवलाय, सकाळची वेळ, वारा बेताचा. दांडा हलक्या हाताने. इंजिन कमी. अजून कमी. चाकं?

वहिनी: चाकं बाहेर. भावजी, बोलू नका, मला किनारा दिसला.

भावजी: बोलत नाही.

वहिनी: आली धावपट्टी. आली... हां. अडकलं. ... ... टेकले! बघितलंत? दांडा थरथरलासुद्धा नाही. कित्ती हलकं उतरले.

भावजी: अडकलं?

वहिनी: अडकलं की. नेहमीसारखं.

भावजी: अडकायला नको होतं! एवढं कार्ड घातलंय, याला हे विमान म्हणजे किस झाड की पत्ती. अडकेलच कसं?

दादा: दुकानदाराने फसवलं असेल तुला.

भावजी: दुकानदार मीच आहे, दादा.

दादा: तेच म्हणतो.

वहिनी: अहो, पण मला जमलं ना? आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं उतरणं होतं ते. आता पुरे. बॅग भरायचीय मला.

भावजी: थांबा. थांबा, थांबा. ही वायर कुणी लावली?

वहिनी: मी. तुम्हीच म्हणालात, मागे लावा.

भावजी: वरच्या भोकात लावलीत. ते कम्प्युटरचं स्वतःचं. कार्डाचं भोक खाली, आडव्या पट्टीत. चित्र सगळं त्या वरच्या वाटेने येतंय आणि नवं कार्ड शेजारी हाताची घडी घालून बसलंय.

वहिनी: दोन्ही भोकं अगदी सारखी आहेत, मला काय कळणार? आणि तुम्ही बघितलं नाहीत?

भावजी: नाही बघितलं. दुकानात फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारतो मी, वायर कुठे लावलीय. लोक चिडतात. परवा एकजण म्हणाला, मी काय वेडा आहे का.

दादा: त्याला माझा नंबर दे. घरात कोण वेडं आहे ते सांगतो.

वहिनी: मग राहू द्या ना भावजी. तिथेच राहू द्या वायर.

भावजी: तिथे कशी राहू देणार? हे बघा, काढली. लावली. आता बसा आणि गंमत बघा.

*

वहिनी: हे काय आहे?

भावजी: समुद्र. आता लाटा सुट्या सुट्या दिसतायत ना? मघाशी निळी चादर होती.

वहिनी: ती चादर बरी होती.

भावजी: पुढे बघा. किनारा. बघा, बघा, कसं लोण्यासारखं सरकतंय! आयुष्यात असं उडवलं नाही मी. वहिनी, दांडा.

वहिनी: घरांना खिडक्या आहेत.

भावजी: आहेतच. आधीही होत्या, दिसत नव्हत्या. इंजिन कमी करा.

वहिनी: खूप भराभर येतंय सगळं.

भावजी: वेग तेवढाच आहे. काटा बघा, तेवढाच आहे.

वहिनी: थांबत का नाही हे? भावजी, थांबवा. थांबवा म्हणते ना!

भावजी: दांडा सोडू नका... वहिनी! सोडलात.

दादा: काय आपटलं?

भावजी: काही नाही, दादा. विमान.

वहिनी: पाणी द्या मला.

भावजी: घ्या. काय झालं? इतकं छान चाललं होतं.

वहिनी: जुनंच कार्ड बसवा.

भावजी: काय?

वहिनी: जुनं. ते काढलेलं. परत बसवा. आत्ता.

भावजी: इतकी वर्षं दुकान चालवतोय, कम्प्युटर हळू करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं.

वहिनी: हसू नका.

भावजी: हसत नाही. पण का?

वहिनी: अडकलं की मी श्वास घ्यायचे.

भावजी: म्हणजे?

वहिनी: वरून खाली येताना श्वास कोंडलेलाच असतो माझा. किनारा दिसला की छाती बंद होते. मग नेमकं चित्र अडकायचं. मला माहीत असायचं, आता अडकणार. तेवढ्यात एक श्वास घेऊन सोडायचे आणि मग टेकायचे. रोज तसंच. मला वाटलं मी शिकले. मी कुठची शिकते? तुमचं कार्ड दमायचं तेव्हा मी विसावा घ्यायचे.

भावजी: हे आधी नाही सांगितलंत.

वहिनी: मलाच आत्ता कळलं. आत्ता अडकलं नाही तेव्हा कळलं. भावजी, खरं विमान अडकतं का हो? क्षणभर तरी? टेकायच्या आधी जरा थबकल्यासारखं होत असेल ना?

भावजी: नाही. खरं विमान अडकत नाही.

वहिनी: जराही नाही?

भावजी: जराही नाही. शेवटी नाक वर होतं तेव्हा तरंगल्यासारखं वाटतं म्हणतात.

वहिनी: म्हणतात? कोण म्हणतात?

भावजी: लोक.

वहिनी: आणि तुम्हाला कसं वाटतं?

भावजी: तसंच वाटत असणार.

वहिनी: असणार? भावजी, इकडे बघा. स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे. तुम्ही विमानात बसलायत ना?

भावजी: या खुर्चीत बसून अर्धं जग फिरलोय मी. मला कुठल्या धावपट्टीला किती उतार आहे ते विचारा.

वहिनी: विमानात. खऱ्या. बसलायत?

भावजी: योग आला नाही.

वहिनी: अगं बाई! अहो, ऐकलंत का? हे कधी विमानात बसलेच नाहीत!

दादा: माहीत आहे. त्याला पाळण्यातसुद्धा चक्कर यायची.

वहिनी: तुम्हाला माहीत होतं, आणि मला महिनाभर यांची शिकवणी लावू दिलीत?

दादा: तू मला विचारलं होतंस का? मी बसने चल म्हणत होतो.

भावजी: दोन वेळा योग आला होता, वहिनी. खोटं कशाला बोलू. एकदा कंपनीचं प्रशिक्षण होतं, एकदा साडूच्या मुलाच्या लग्नाचं. दोन्ही वेळा मला ताप आला.

वहिनी: खरा?

भावजी: थर्मामीटर खरा होता. ताप मी आणला असेल. झालं समाधान? बसवतो जुनं कार्ड. पकड द्या.

वहिनी: ठेवा ती पकड. इकडे या. ही खुर्ची माझ्या शेजारी घ्या.

भावजी: कशाला?

वहिनी: बसा म्हणते ना. आणखी जवळ. पडद्याला नाक लागेल इतके जवळ. हात मांडीवर. कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही मागचे, मी पुढची.

भावजी: वहिनी, मी नुसता बघत कधी बसलेलो नाही. मला दांडा लागतो हातात.

वहिनी: लागतो ना? मग कळेल. निघालो आपण.

भावजी: वळण जरा जास्त होतंय.

वहिनी: प्रवाशांनी बोलू नये.

भावजी: डावा पंख. वहिनी, डावा पंख फार खाली आहे. हे कार्ड खरंच भयंकर स्पष्ट दाखवतं हो. खाली ती टाकी बघितलीत?

वहिनी: बघितली. तुम्ही माझी बाही धरलीय, ती सोडा.

भावजी: धरली का? ... इंजिन कमी करा. करा ना. वेग जास्त आहे. मला जरा उठू द्या, पाणी पिऊन येतो.

वहिनी: आता कुठे उठता? दार लागलंय. बसा. डोळे मिटू नका. भावजी, डोळे उघडा. किनारा आला. श्वास घ्या बघू. मोठा. हां. आता सोडा. परत घ्या. काही नाही, घरं आहेत, घरांना खिडक्या असायच्याच. सोडा. धावपट्टी आली. घ्या. नाक वर. सोडा...

भावजी: टेकलं?

वहिनी: टेकलं.

भावजी: मला कळलंच नाही.

वहिनी: मलाही नाही.

भावजी: तुम्ही श्वास कधी घेतलात?

वहिनी: तुम्हाला सांगत होते तेव्हाच घेतला असेन. लक्ष कुठे होतं माझं? तुमचा चेहरा बघायला हवा होता. भिजलेल्या बोक्यासारखा.

दादा: टेबल मोकळं झालं का?

*

वहिनी: भावजी, ऐकू येतंय का? मी आत बसलेय. तपासणी झाली. काचेतून विमान दिसतंय.

भावजी: कसं आहे?

वहिनी: लहान आहे हो. तुमच्या पडद्यावर मोठं वाटायचं. एक माणूस शिडी लावून त्याची काच पुसतोय, आपली खिडकी पुसतात तशी. इथून घरी यायला काही मिळतं का? बस वगैरे?

भावजी: दादा सोडून गेला?

वहिनी: गेले कुठले? खाली गाडी लावून बसलेत. जा म्हटलं तर म्हणाले, विमान उडेपर्यंत हलणार नाही, तू आलीस परत तर रिक्षा कुठे शोधशील. आता याला काय म्हणायचं, सांगा. माझ्यावर विश्वास नाही, की माया आहे?

भावजी: दोन्ही असेल. गाडी सावलीत लावलीय ना?

वहिनी: बूट काचतायत. नवे घालायला नको होते. इथले लोक इतके शांत कसे बसलेत? एकजण तर घोरतोय. सगळ्यांना सवय आहे, मीच एक. भावजी, मी शेजाऱ्याला सांगून उठले तर तो बॅगेवर लक्ष ठेवेल का?

भावजी: वहिनी, सगळ्यांना सवय नसते.

वहिनी: तुम्हाला काय माहीत? तुम्ही बसलायत कधी?

भावजी: बसलो नाही, म्हणूनच सांगतोय. माझ्यासारखा एखादा त्यात असणारच. ज्याचा थर्मामीटर फुटला असेल म्हणून यावं लागलं. बघा जरा आजूबाजूला. जो कशालाही हात न लावता बसलाय, तो.

वहिनी: ... खांबापाशी एकजण आहे. उंच. तिकिटाची गुंडाळी करतोय, उलगडतोय, परत गुंडाळतोय.

भावजी: त्याच्याकडे बघत राहा.

वहिनी: बघत काय राहू, बाईमाणसाने? ... फाटेल ते त्याचं तिकीट. अहो, पुकारा झाला वाटतं. हा आमचाच ना? सगळे उठले.

भावजी: वहिनी?

*

दादा: हॅलो. तुझ्या पडद्यावर काही दिसतंय का?

भावजी: काय दिसायचं? माझं विमान खोटं आहे, दादा.

दादा: इथे एक उडालं आत्ता. लहान, पांढरं. ते तिचंच का?

भावजी: असेल. वहिनी बाहेर आल्या का?

दादा: दाराकडेच बघत बसलोय मघापासून. खूप लोक बाहेर आले. ती नाही आली.

भावजी: मग निघ आता.

दादा: निघतो. बसतो जरा.

*

धाकटी: नमस्कार, पायलटसाहेब. शुक्रवार आहे, दुपार आहे, आणि माझं लग्न झालेलं आहे.

भावजी: अभिनंदन! अगदी मनापासून. आणि वहिनी?

धाकटी: ताई आत आहे. आमच्याकडच्या सुऱ्यांना धार नाही म्हणून ओरडतेय. तुम्हाला कळवायला सांगितलं, सही केली. थोडी वाकडी आली, कचेरीतलं टेबल डुगडुगत होतं.

भावजी: पण प्रवास कसा झाला? घाबरल्या नाहीत ना?

धाकटी: काही सांगेल तर शपथ. विचारलं तर म्हणते, खिडक्या छान पुसल्या होत्या. मी बाहेर उभी होते. सगळे उतरून गेले, ही दिसेना. म्हटलं, झालं, परत तेच. आणि मग सगळ्यात शेवटी आली. मागे एक उंच बाप्या, तिची बॅग उचलून. सारखं आभारी आहे, आभारी आहे. मी विचारलं, हे कोण? तर म्हणाली, मागचे.

भावजी: मागचे म्हणाल्या?

धाकटी: हो. काय अर्थ त्याचा? मी तिला इतकं ओळखते, पण मला काही कळलं नाही. आणि तिने मला इतकं घट्ट धरलं की बोलताच येईना. थांबा, हाक मारतेय. तुम्हाला विचारतेय, जुनं कार्ड टाकून तर नाही ना दिलंत?

भावजी: नाही. का हो?

धाकटी: त्या मागच्यांना सरावाला द्यायचंय म्हणतेय. येते, हं. सुऱ्यांचं बघते.

[आदला दिवस. विमानात.]

उंच माणूस: ही सीट तुमची का?

वहिनी: हो, माझीच आहे. तुम्ही मागचे ना, बसा आणि श्वास घ्या बघू.